सातवा जयवर्मन आणि त्याच्या १०२ आरोग्यशाळा

माझ्या दवाखान्यात, रुग्णांच्या बाकासमोरच्या भिंतीवर, गेली अनेक वर्षे एक श्लोक चौकटीत लावलेला आहे. नंबर येईपर्यंत बसलेली माणसे तो वाचतात, काही जण अर्थ विचारतात, आणि संस्कृतचा थोडाफार परिचय असलेल्यांना तो चरकसंहितेतला किंवा सुश्रुतातला असावा असे वाटते. श्लोक असा आहे :

देहिनां देहरोगो यन्मनोरोगो रुजत्तराम् ।
राष्ट्रदुःखं हि भर्तॄणां दुःखं दुःखं तु नात्मनः ॥

लोकांच्या देहाला झालेला रोग त्या राजाच्या मनाचा रोग होऊन त्याला अधिकच पीडत असे. कारण राष्ट्राचे दुःख हेच राज्यकर्त्याचे दुःख, स्वतःचे दुःख हे त्याचे दुःखच नव्हे, असा त्याचा अर्थ. हा श्लोक कोणत्याही संहितेतला नाही आणि भारतातलाही नाही. लाओसची राजधानी व्हिएन्तिआनजवळ साय फाँग नावाच्या ठिकाणी सापडलेल्या शिलालेखात तो कोरलेला आहे, आणि ज्या राजाविषयी तो रचला गेला तो आजच्या कंबोडियात, अंगकोर येथून, १२व्या शतकाच्या अखेरीस ख्मेर साम्राज्याचा कारभार पाहत होता. त्याचे नाव सातवा जयवर्मन. अंगकोर वाट हे मंदिर आणि ते बांधवणारा दुसरा सूर्यवर्मन यांच्याविषयी मराठीत पुष्कळदा वाचायला मिळते, परंतु वैद्यकी करणाऱ्या माणसाने ज्याच्यापुढे हात जोडावेत तो राजा हा आहे, अशी माझी पक्की धारणा आहे, आणि म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

जयवर्मनाचा जन्म साधारणपणे ११२० ते ११२५च्या दरम्यानचा मानला जातो. वडील दुसरा धरणीन्द्रवर्मन, आई श्रीजयराजचूडामणी. अंगकोरचे राजे त्या काळापर्यंत बहुतेक शैव किंवा वैष्णव होते. धरणीन्द्रवर्मनाचा ओढा मात्र बुद्धाकडे होता आणि तो वारसा मुलाकडे आला. वडील वारले तेव्हा जयवर्मन राजधानीत नव्हता. तो पूर्वेकडच्या चंपा राज्यात, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर, विजय नावाच्या नगरीत होता. गादीवर यशोवर्मन बसला, आणि पुढे त्याच्याविरुद्ध बंड झाल्याची वार्ता कळताच जयवर्मन त्याच्या मदतीसाठी घाईने परत निघाला. तो पोहोचला तेव्हा उशीर झालेला होता. यशोवर्मनाचा जीव गेला होता आणि त्रिभुवनादित्य नावाचा पुरुष राजा होऊन बसला होता. हे घडले ११६५च्या सुमारास, म्हणजे जयवर्मन चाळिशी ओलांडून गेल्यावर. त्याने लगेच तलवार उपसली नाही. पापांच्या भाराने वाकलेल्या भूमीला वाचवण्याच्या क्षणाची वाट पाहत तो थांबला, असे शिलालेख सांगतो, आणि ही वाट पाहणे दहा-बारा वर्षे चालले.

मग ११७७ साली, चिनी नोंदींनुसार, चंपाच्या चाम लोकांचे सैन्य जहाजांतून आले, त्यांनी नगर लुटले आणि राजाला ठार केले. पुढची चार वर्षे जयवर्मनाने चामांशी लढून देश मोकळा करण्यात घालवली. पाण्यावरच्या या लढाया बायॉन मंदिराच्या भिंतींवर आजही दिसतात : लांबलचक नावा, वल्ह्यांच्या रांगा, फुलाच्या आकाराची शिरस्त्राणे घातलेले चाम योद्धे, आणि नावांच्या खाली, बुडणाऱ्या माणसांना गिळायला टपलेल्या मगरी. ११८१ साली त्याला राज्याभिषेक झाला तेव्हा तो साठीच्या घरात होता. आपल्याकडे ज्या वयात माणसे काशीयात्रेच्या गोष्टी बोलू लागतात, त्या वयात या माणसाचे खरे काम सुरू झाले.

त्याच्याविषयी आपल्याला इतके जवळून जे ठाऊक आहे, त्याचे मोठे श्रेय एका स्त्रीला आहे. जयवर्मनाची राणी जयराजदेवी आणि तिची थोरली बहीण इंद्रदेवी. नवरा परमुलखात असताना जयराजदेवीने कडक व्रते केली, शरीर झिजवले. बहिणीने तिला बुद्धाचा मार्ग दाखवला आणि दुःखाच्या त्या समुद्रात तिला धीर दिला. नवरा परतल्यावर आणि पुढे राजा झाल्यावर जयराजदेवीने मुक्तहस्ताने दान केले, आणि आयांनी टाकून दिलेल्या शंभर मुलींना पोटच्या लेकींसारखे जवळ घेतले. ती लवकर वारली. त्यानंतर राजाने इंद्रदेवीला पट्टराणी केले. ही इंद्रदेवी विदुषी होती, विहारांमध्ये स्त्रियांना शिकवत असे, आणि धाकट्या बहिणीच्या आठवणीसाठी तिने स्वतः संस्कृतात एक प्रशस्ती रचली. फिमेआनाकास या राजवाड्यातल्या मंदिरापाशी तो शिलालेख सापडला. वर सांगितलेला चंपाचा प्रवास, परतीची घाई, ती प्रतीक्षा, हे सारे त्यातूनच आपल्यापर्यंत आले आहे. राजांच्या प्रशस्ती दरबारी पंडित लिहितात. येथे मात्र एका बहिणीने गेलेल्या बहिणीसाठी लिहिता लिहिता एका राजाचे चरित्र जपून ठेवले. मला या शिलालेखाइतका हृद्य लेख दुसरा आठवत नाही.

आता आरोग्यशाळांकडे वळते. ता प्रोम या मंदिराचा शिलालेख ११८६चा आहे, आणि त्यात राज्यभर १०२ आरोग्यशाळा असल्याची नोंद आहे. आरोग्यशाळा हाच शब्द तेथे वापरलेला आहे. त्या चालवण्यासाठी ८३८ गावे नेमून दिली होती आणि त्या गावांतल्या ८१,६४० स्त्री-पुरुषांच्या कष्टांतून त्यांचा खर्च भागत असे. प्रत्येक आरोग्यशाळेपाशी एक शिलालेख उभा केला जाई आणि त्याचा मजकूर जवळजवळ सारखाच असे. लाओसमध्ये, ईशान्य थायलंडमध्ये, अंगकोरच्या परिसरात असे लेख मिळाले आहेत. सुरुवातीला भैषज्यगुरू वैडूर्यप्रभराज या बुद्धाला वंदन आहे. हा वैद्यांचा बुद्ध. त्याच्या दोन्ही बाजूंना सूर्याचे आणि चंद्राचे तेज अंगी असलेले दोन बोधिसत्त्व, रोग्यांच्या रोगाचा अंधार घालवणारे. त्यानंतर राजाचे वर्णन, मी वर दिलेला श्लोक, आणि पाठोपाठ आणखी एक सुंदर कल्पना : आयुर्वेद आणि अस्त्रवेद यांत पारंगत अशा वैद्यवीरांकरवी राजाने राष्ट्राला पीडणाऱ्या रोगरूपी शत्रूंचा औषधरूपी आयुधांनी नाश केला. वैद्यवीर हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले होते.

परंतु त्या लेखाची खरी थोरवी काव्यात नाही, पुढच्या हिशेबात आहे. येथे चारही वर्णांच्या लोकांवर उपचार व्हावेत, असे तो स्पष्ट सांगतो. दोन वैद्य, आणि त्यांच्या दिमतीला एक पुरुष व दोन स्त्रिया, यांना राहण्याची सोय. औषधे वाटून देणारे दोन कोठारी. दोन स्वयंपाकी, त्यांना सरपण आणि पाणी मिळे, आणि मंदिराचे अंगण झाडून काढणे हेही त्यांचेच काम. रुग्णांना औषध देण्यासाठी चौदा सेवक. पाणी तापवणाऱ्या आणि औषधे कुटणाऱ्या सहा स्त्रिया. भात कांडणाऱ्या दोघी. ही यादी लिहिणाऱ्याने आजारी माणसाच्या उशाशी बसून रात्र काढलेली असली पाहिजे, असे मला वाटते. कारण गरम पाणी कोण करणार हा प्रश्न ज्याने कधी शुश्रूषा केलेली नाही त्याला सुचतच नाही. आमच्या शिक्षणाच्या काळात, जुन्या आयुर्वेद रुग्णालयात, काढे उकळणाऱ्या आणि खलबत्त्यात चूर्ण कुटणाऱ्या बायका पहाटे पाचला कामाला लागत असत. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नव्हती. येथे त्यांची संख्या दगडावर कोरलेली आहे.

औषधांची यादी तर मला तोंडपाठ म्हणावी तशी ओळखीची वाटली. राजाच्या भांडारातून वर्षातून तीन वेळा प्रत्येक आरोग्यशाळेला शिधा आणि औषधद्रव्ये जात. मध, साखर, कापूर, तीळ, मोहरी, जिरे, जायफळ, धणे, बडीशेप, वेलदोडे, आले, कंकोळ, वाळा, दालचिनी, हिरडा. आपल्याकडचा कोणताही काष्ठौषधीवाला ही चिठ्ठी हातात घेऊन अर्ध्या तासात पुड्या बांधून देईल. आठशे वर्षांपूर्वी मेकाँगच्या काठावरच्या एका तापकऱ्यासाठी जिरे आणि वाळा मोजून बैलगाडीत भरला जात होता, हे वाचून हजारो कोस दूरच्या त्या अनोळखी वैद्याशी आपले काही नाते आहे अशी जाणीव मला झाली, आणि ती अजून गेलेली नाही.

या आरोग्यशाळांच्या खोल्या लाकडाच्या होत्या, त्यामुळे त्या राहिल्या नाहीत. राहिली आहेत ती त्यांना जोडून असलेली दगडी देवालये, पूर्वेकडे तोंड केलेली, लहान, बहुतेक पर्यटक ज्यांच्यावरून पुढे निघून जातात अशी. अंगकोरमध्ये ता केओ मंदिराजवळ असे एक आहे. अंगकोर थोमच्या उत्तरेला तोन्ले स्ङुओट येथील आरोग्यशाळेच्या जागी २०१७ साली उत्खनन झाले तेव्हा जवळजवळ माणसाच्या उंचीचा एक दगडी द्वारपाल मातीखालून निघाला. रुग्ण आत जाताना त्याच्याकडेच पाहून जात असतील.

मंदिरांविषयी बोलल्याशिवाय या राजाची गोष्ट पुरी होत नाही, पण ती इतकी आहेत की सर्वांचे वर्णन करणे येथे शक्य नाही. ११८६मध्ये त्याने राजविहार, म्हणजे आजचे ता प्रोम, उभारले आणि तेथे प्रज्ञापारमितेच्या, म्हणजे प्रज्ञेच्या बौद्ध देवीच्या, रूपात आपल्या आईची मूर्ती बसवली. मोठमोठ्या झाडांच्या मुळांनी कवटाळलेले, छायाचित्रांतून सर्वांना ठाऊक असलेले, ते हेच. त्याच्या जतनाच्या कामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचाही सहभाग आहे. पाच वर्षांनी, ११९१मध्ये, प्रेआ खान येथे लोकेश्वराच्या, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याच्या, रूपात वडिलांची मूर्ती स्थापन झाली. वायव्येला बान्तेआय च्छमार येथे राजपुत्राचे स्मरण आहे. आई, वडील, मुलगा : या राजाची मोठमोठी बांधकामे अशी घरातल्या माणसांपाशी येऊन थांबतात.

शेवटी अंगकोर थोम हे नवे नगर. प्रत्येक बाजू ३ किलोमीटर, ८ मीटर उंच तट, पाच दरवाजे, आणि दरवाजांबाहेर खंदकावरच्या सेतूंवर एका अंगाला ५४ देव व दुसऱ्या अंगाला ५४ असुर नागाला हातांत धरून ओढत बसलेले. तटाच्या कोपऱ्यातल्या शिलालेखात नगरीला वधू आणि राजाला वर म्हटले आहे. विश्वाचे सुख जन्माला यावे म्हणून हे लग्न झाले, असे तो म्हणतो. नगराच्या मधोमध बायॉन, आणि त्याच्या शिखरांवरचे ते प्रचंड, मिटल्यासारख्या डोळ्यांचे, ओठांत हसणारे चेहरे. ते चेहरे लोकेश्वराचे की राजाचे याविषयी अभ्यासकांत वाद आहे. मी अंगकोरला गेले तेव्हा त्यांच्याकडे फार वेळ पाहत राहिले नाही. माझा वेळ गेला तो बाहेरच्या ओवरीतल्या भिंतींपाशी, कारण तेथे राजाची प्रजा आहे : जमिनीवर बसून मासे विकणाऱ्या बायका, कोंबड्यांची झुंज लावणारे गडी, पळीने भात वाढणारे आचारी, आणि एका चौकटीत बाळंत होत असलेली बाई व तिला धरून बसलेल्या दोघीतिघी. सुईणीचा हात पाठीवर जसा असायला हवा तसाच आहे.

रस्त्यांवर त्याने १२१ धर्मशाळा बांधवल्या, ज्यांना शिलालेख अग्नीची घरे म्हणतो. त्यांपैकी ५७ अंगकोरहून चंपाकडे जाणाऱ्या वाटेवर आणि १७ आजच्या थायलंडमधल्या फिमाईच्या वाटेवर होत्या, आणि दोन घरांतले अंतर चालणाऱ्या माणसाला एका दिवसात झेपेल असे होते.

नेआक पोआन येथे मात्र मी अडखळले. जयतटाक हा त्याने खोदवलेला साडेतीन किलोमीटर लांबीचा जलाशय. त्याच्या मध्यावर एक चौरस कुंड, कुंडाच्या मध्यभागी लहानसे देऊळ, आणि चारही बाजूंना चार छोटी कुंडे. मधल्या कुंडातले पाणी माणूस, सिंह, हत्ती आणि घोडा यांच्या मुखांतून बाहेरच्या कुंडांत पडे आणि त्यात स्नान करणाऱ्याचा मळ, म्हणजे पापाचा आणि रोगाचाही, धुतला जाई अशी श्रद्धा होती. मधल्या कुंडात एक दगडी घोडा पोहत देवळाकडे निघालेला आहे आणि त्याच्या अंगाला माणसे बिलगलेली आहेत. तो बलाह, म्हणजे घोड्याचे रूप घेतलेला अवलोकितेश्वर, राक्षसिणींच्या बेटावर अडकलेल्या व्यापाऱ्यांना पैलतीरी नेणारा. त्याला पाहताच मी ओळखले. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात सिंहल अवदानाचे, म्हणजे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेचे, जे मोठे भित्तिचित्र आहे, त्यात हाच पांढरा घोडा आकाशातून चाललेला आहे; महाविद्यालयाच्या सहलीत मी तो कंदिलासारख्या मंद प्रकाशात पाहिला होता. अजिंठ्याच्या चित्रकाराला आणि जयवर्मनाच्या शिल्पकाराला एकमेकांची वार्ता असणे शक्य नव्हते, त्यांच्यामध्ये सुमारे सात शतके होती. पण बुडणाऱ्याने ज्याच्या आयाळीला हात घालावा असा घोडा दोघांनाही ठाऊक होता.

या राजाची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. एकट्या ता प्रोमच्या सेवेला ७९,३६५ आणि प्रेआ खानच्या सेवेला ९७,८४० माणसे लावलेली होती, असे तेच शिलालेख अभिमानाने सांगतात. ही माणसे दगड वाहत होती, भात पिकवत होती, आणि त्यांना नाही म्हणण्याची सोय होती असे दिसत नाही. चंपावर त्याने पुन्हा सैन्य पाठवले, आणि १२०३ ते १२२० या काळात ते राज्य ख्मेरांच्या ताब्यात राहिले; तेथल्या लोकांनी हे करुणेचे राज्य मानले असेल असे मी म्हणू शकत नाही. घाईची खूण बांधकामातही आहे, दगड नीट न बसवता रचलेले आहेत, भिंती एकीला एक खेटून वाढवत नेलेल्या आहेत. म्हाताऱ्या माणसाला दिवस थोडे उरल्याची जाणीव होती, एवढेच स्पष्टीकरण मला पटते. श्लोक खरा होता की दरबारी होता, असे मला काही जणांनी विचारले आहे. माझे उत्तर असे की नुसता श्लोक असता तर मीही शंका घेतली असती, परंतु श्लोकाखाली पाणी तापवणाऱ्या सहा बायकांची तरतूद आहे, आणि ज्या राज्यकर्त्याला ती करावीशी वाटली त्याच्या मनाला प्रजेचा रोग खरोखरच लागलेला होता. त्या बायका आणि ते भात पिकवणारे ८१,६४० लोक यांचे ऋण मात्र राजाच्या पुण्याच्या खात्यावर टाकता येत नाही, ते वेगळे मांडले पाहिजे.

तो साधारण १२१८च्या सुमारास वारला. त्याच शतकात पुढे आठव्या जयवर्मनाच्या काळात बुद्धाच्या असंख्य प्रतिमा भिंतींवरून तासून काढल्या गेल्या, आणि बायॉनच्या गाभाऱ्यातली मुख्य बुद्धमूर्ती फोडून विहिरीसारख्या खड्ड्यात टाकली गेली. १९३३ साली ती तुकड्यांत सापडली. जोडल्यावर तिची उंची साडेतीन मीटरांहून अधिक भरली. राजाची स्वतःची म्हणून मानली जाणारी प्रतिमा फ्नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मांडी घालून बसलेला जाडसर बांध्याचा माणूस, अंगावर एकही दागिना नाही, केस मागे ओढून छोटासा बुचडा, डोळे खाली, दोन्ही हात तुटलेले. मुकुट नसलेला असा राजा मी दुसरा पाहिला नाही. मान किंचित पुढे आहे, समोर बसलेल्या रुग्णाचे म्हणणे ऐकताना होते तशी.

सिएम रीप शहरातून अंगकोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुलांचे एक मोठे रुग्णालय आहे आणि त्याला जयवर्मन सातवा याचेच नाव दिलेले आहे. बीट रिख्नर या स्विस बालरोगतज्ज्ञांनी उभारलेल्या कान्था बोफा रुग्णालयांपैकी हे एक, १९९९पासून चालू असलेले, आणि येथे मुलांवर मोफत उपचार होतात. परतीच्या आदल्या दिवशी सकाळी माझा मुलगा तेथे रक्त देण्यासाठी आत गेला आणि मी बाहेर सावलीत बसले. आजूबाजूला गावागावांतून आलेल्या आया होत्या, चौकड्यांच्या पंचांमध्ये गुंडाळलेली मुले, डबे, चटया, पाण्याच्या बाटल्या. माझ्या शेजारी एक तरुण बाई होती, मांडीवर दोन-अडीच वर्षांचा मुलगा. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिले, मी मुलाकडे पाहिले, आणि सवयीने माझा हात पुढे गेला. तिने त्याचे मनगट माझ्या बोटांत दिले. नाडी जलद होती, पण कपाळाला घाम आलेला होता; ताप उतरत होता.